१ जुलै १८५८: मित्रांनी न्याय केला की मैत्री राखली?

देवराई

चार्ल्स डार्विन आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी एकमेकांना लिहिलेली सुमारे १,४०० पत्रे आज उपलब्ध आहेत. १८४३ च्या अखेरीस सुरू झालेला हा पत्रव्यवहार १८८२ मध्ये डार्विनच्या मृत्यूपर्यंत चालला. पत्रव्यवहार सुरू झाला तेव्हा हूकर दक्षिण ध्रुवीय मोहिमेवरून नुकताच परतला होता आणि डार्विनने गालापागोस बेटांवरून आणलेल्या वनस्पती अभ्यासासाठी त्याच्याकडे आल्या होत्या. पत्रांतून ओळख होऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले असतील, तोच ११ जानेवारी १८४४ च्या पत्रात डार्विनने त्याला कळवले की, प्रजाती अचल नाहीत अशी आपली जवळजवळ खात्री झाली आहे, आणि हे सांगताना खुनाची कबुली दिल्यासारखे वाटते आहे. हूकरने उत्तर दिले ते शांतपणे: प्रजाती हळूहळू बदलत असणे शक्य आहे, आजवर मांडलेल्या कोणत्याही उपपत्तीने माझे समाधान झालेले नाही, तेव्हा हा बदल कसा होत असावा असे तुम्हांला वाटते ते ऐकायला आवडेल.

ही मैत्री निव्वळ कौतुकाची नव्हती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्याने स्वतः पुष्कळ प्रजातींचे बारकाईने वर्णन केलेले नाही त्याला प्रजातींच्या प्रश्नावर बोलण्याचा फारसा अधिकार नाही, असे हूकरने १८४५ मध्ये एका फ्रेंच लेखकाच्या संदर्भात लिहिले, आणि डार्विनने ते स्वतःला लावून घेतले. पुढच्याच वर्षी त्याने हाती घेतलेला बार्नॅकल या सागरी जीवांचा अभ्यास १८५४ पर्यंत चालला. प्रजाती कशा बदलतात यावरचा डार्विनचा १८४४ चा अप्रकाशित निबंध हूकरने १८४७ मध्ये वाचून त्यावर टिपा काढल्या. वनस्पतींचे बी समुद्रापार कसे जात असेल यावर तर दोघांनी वर्षानुवर्षे वाद घातला. डार्विन बिया मिठाच्या पाण्यात भिजत ठेवून त्या उगवतात का ते पाहत असे आणि निकाल हूकरला कळवत असे.

आता मूळ मुद्दा. जून १८५८ मध्ये मलाया द्वीपसमूहातील तेर्नाते येथून निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेसचा लेख डार्विनच्या हाती पडला. त्यात डार्विनचीच नैसर्गिक निवडीची कल्पना, म्हणजे परिस्थितीला अधिक अनुकूल जीव तगून राहतात आणि त्यातून प्रजाती बदलत जातात, मांडलेली होती, आणि लेख योग्य वाटल्यास भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांना दाखवावा अशी वॉलेसची विनंती होती. डार्विनने तो लायेलकडे पाठवला. आपली सारी मौलिकता धुळीस मिळाली असे त्याने लिहिले, आणि आपण क्षुद्रपणे वागलो असे वॉलेसला किंवा कोणालाही वाटण्यापेक्षा लिहीत असलेले सारे पुस्तक जाळून टाकणे पत्करू, असेही काही दिवसांनी कळवले. त्याच दिवसांत घरात साथीचा ताप होता आणि २८ जूनला त्याचे तान्हे मूल गेले. लायेल आणि हूकर यांनी निर्णय स्वतःकडे घेतला. १ जुलैला लंडनमधील लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेच्या सभेत डार्विनच्या १८४४ च्या निबंधातील उतारा, अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला त्याने १८५७ मध्ये लिहिलेल्या पत्राचा भाग आणि वॉलेसचा लेख, असे तिन्ही एकत्र वाचले गेले.

माझे मत असे की, त्या परिस्थितीत याहून रास्त तोडगा नव्हता, आणि तो निघाला याचे कारण ही जुनी मैत्री हेच होते. हूकरने निबंध अकरा वर्षांपूर्वी वाचला नसता, तर डार्विनच्या दाव्याला साक्ष कोणाची असती?

कातळवाट

तपशील बिनचूक आहेत, पण निष्कर्ष मला पटत नाही. हूकर साक्षीदार होता हे खरे. मात्र तोच वकील झाला आणि तोच न्यायाधीशही. लायेलची गोष्ट वेगळी नाही: वॉलेसचा १८५५ चा सारावाक येथील लेख वाचून, कोणी पुढे जाण्याआधी प्रसिद्ध करून टाका, असे १८५६ मध्ये डार्विनला सांगणारा तोच होता. ज्याला आपल्या मित्राचा अग्रक्रम जपायचा आहे, त्याच्याच हाती दुसऱ्या पक्षाचा कागद सोपवला गेला.

त्या दुसऱ्या पक्षाला तर कोणी विचारलेच नाही. वॉलेस नमुने गोळा करून, ते लंडनच्या अडत्यामार्फत विकून गुजराण करणारा माणूस होता. १ जुलैला तो न्यू गिनीत होता आणि आपला लेख लंडनमध्ये वाचला जात आहे याची त्याला कल्पनाही नव्हती. छापून आलेल्या मजकुराची मुद्रिते त्याने पाहिली नाहीत. क्रमही लक्षात घ्या: प्रकाशनासाठी लिहिलेला पूर्ण लेख एकट्या वॉलेसचा होता, तरी तो सर्वांत शेवटी आला, आणि त्याआधी डार्विनचा खासगी निबंध व खासगी पत्र वाचले गेले. कालक्रम पाळला असे समर्थन केले जाते. पण खासगी कागदाला छापण्यासाठी तयार केलेल्या लेखाच्या वर बसवायचे हे ठरवले कोणी? मित्रांनीच.

हे एकदाच घडले असते तर अपवाद म्हणता आले असते. १८६४ पासून हूकर, जीवशास्त्रज्ञ हक्सली, भौतिकशास्त्रज्ञ टिंडल यांच्यासह नऊ मित्र ‘एक्स क्लब’ या नावाने दरमहा एकत्र जेवू लागले. १८७३ ते १८८५ या काळात रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या प्रमुख विज्ञानसंस्थेचे अध्यक्षपद ओळीने हूकर, स्पॉटिसवूड आणि हक्सली या तिघांकडे होते, आणि हे तिघेही त्याच नऊ जणांतले. त्यांनी विज्ञानाचे भले केले हे मी नाकारत नाही. पण ज्याला त्या टेबलावर जागा नव्हती, त्याचे म्हणणे तेथपर्यंत कोणी न्यायचे?

पाणंद

स्वतः वॉलेसला काय वाटले, ते या चर्चेत आलेच पाहिजे. सगळे कळल्यावर ऑक्टोबर १८५८ मध्ये त्याने हूकरला आभाराचे पत्र लिहिले आणि आईलाही आनंदाने कळवले. १८८९ मध्ये आपल्या ग्रंथाला त्याने ‘डार्विनिझम’ असे नाव दिले. वॉलेस आर्थिक अडचणीत असताना डार्विनने पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्यापर्यंत अर्ज नेला आणि १८८१ मध्ये त्याला वार्षिक २०० पौंडांचे निवृत्तिवेतन मिळाले. त्यासाठी डार्विनने आधी हूकरला विचारले, तेव्हा वॉलेसचा प्रेतात्मवादावरील विश्वास आणि पृथ्वी सपाट मानणाऱ्याशी त्याने लावलेली पैज पुढे करून हूकरने विरोध केला होता. म्हणजे हे मित्र एकमेकांच्या होला हो मिळवत नव्हते. पुढे हूकरनेही पाठिंबा दिला. १८८२ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत डार्विनच्या शवपेटिकेला खांदा देणाऱ्यांत हूकर, हक्सली आणि वॉलेस हे तिघेही होते.

जुना दप्तरदार

वॉलेसचे पत्र डार्विनने काही दिवस दडपून ठेवले, असा आरोप वरचेवर होतो. वॉलेसने तेर्नातेहून धाडलेले दुसरे एक पत्र ३ जूनलाच इंग्लंडात पोहोचले होते, हा त्याचा आधार. मात्र डार्विनला धाडलेले पत्र त्यानंतरच्या जहाजाने निघाले असेल तर ते १८ जूनला मिळाल्याची तारीख बरोबर जुळते, असे अलीकडच्या संशोधकांनी वेळापत्रके तपासून दाखवले आहे. हा आरोप या चर्चेत आणू नये.

कातळवाट

मी तो आणलेला नाही आणि आणणारही नाही. डार्विनच्या सचोटीवर माझा आक्षेप नाही. वॉलेसच्या कृतज्ञतेविषयी मात्र बोलायला हवे. ज्याला विद्यापीठ नाही, वारसा नाही, परतल्यावर ज्याचे सारे त्याच दोन-चार गृहस्थांच्या ओळखीवर अवलंबून आहे, त्याने आभार मानले यावरून तोडगा न्याय्य होता असे ठरत नाही. त्याने मनापासून आभार मानले असतील, तरीही नाही.

आणखी एक उदाहरण देतो. मँचेस्टरची लिडिया बेकर १८६३ पासून डार्विनला वनस्पतींचे नमुने आणि निरीक्षणे पाठवत होती. पुढे तिने स्त्रियांसाठी साहित्य मंडळ काढले, तेव्हा डार्विनने वाचनासाठी आपले निबंध आपुलकीने पाठवले. पत्रपेटीचे दार तिला उघडे होते. रॉयल सोसायटीचे दार स्त्रियांना १९४५ पर्यंत बंद राहिले. एडिंबराच्या वनस्पती उद्यानातला माळी जॉन स्कॉट याचेही तेच. त्याचे प्रयोग डार्विनला इतके आवडले की त्याने स्वतःच्या पैशाने त्याला कलकत्त्याला धाडले आणि हूकरच्या ओळखीने तेथील उद्यानात त्याला काम मिळाले. हे औदार्यच आहे, मी ते मानतो. पण ज्या देशात त्याने ते प्रयोग केले तेथे त्याला जागा झाली नाही.

देवराई

कातळवाट, बेकर आणि स्कॉट यांच्याविषयीचे आपले म्हणणे मला मान्य आहे. तरी त्यातूनच मला उलट दिसते. दार बंद ठेवले ते संस्थांनी. ज्यांना तेथे प्रवेश नव्हता त्यांना डार्विनने बरोबरीच्या नात्याने उत्तरे दिली ती पत्रांतून. १८४० मध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि माळी, कबूतर पाळणारे, शाळामास्तर अशा कोणालाही डार्विनच्या डाउन गावी लिहिता येऊ लागले. वॉलेसचा लेखसुद्धा लंडनला पोहोचला तो ओळखीपाळखीने नव्हे, पत्राने.

१८५८ बद्दल विचारते: दुसरा मार्ग कोणता होता? वॉलेसचा लेख एकटाच छापावा, तर डार्विनचे वीस वर्षांचे काम, जे हूकरने डोळ्यांनी पाहिले होते, नाहीसे झाल्यासारखे होते. डार्विनने घाईने स्वतःचेच छापावे, तर ते विश्वासघाताचे ठरले असते, आणि तसे त्याने स्वतःच लिहिले आहे.

कातळवाट

तिसरा मार्ग होता: थांबणे. एक पत्र तेर्नातेला जायला आणि उत्तर यायला पाच-सहा महिने लागले असते. जो सिद्धांत वीस वर्षे कपाटात राहिला, तो आणखी सहा महिने राहिला असता. लेख एकत्र वाचू का, एवढे एक वाक्य वॉलेसला विचारायचे होते. तो हो म्हणाला असता, याबद्दल मला फारशी शंका नाही, आणि म्हणूनच न विचारल्याचे मला अधिक वाईट वाटते.

देवराई

सहा महिने थांबणे शक्य होते, हे मी मान्य करते. परंतु तो लेख दडवून ठेवण्याची परवानगी वॉलेसने दिली नव्हती, आणि सहा महिने तो डार्विनच्या कपाटात पडून राहिला असता तर आज आपण त्याच कारणासाठी डार्विनला जाब विचारत असतो. हूकर आणि लायेल यांनी तेरा दिवसांत तो सभेसमोर आणला आणि ऑगस्टमध्ये वॉलेसच्या नावाने छापून दिला. त्यांच्याकडून न विचारण्याची चूक झाली असेल, पण लेख दाबून ठेवण्याची झाली नाही.