महालक्ष्म्या शनिवार-रविवारी? मला तरी पटत नाही

प्रतापनगरकर (धागाकर्ता)
आम्ही नागपूरचे, आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्या (भाद्रपदातल्या गौरी). आईबाबांच्यानं आता होत नाही, म्हणून पितळी मुखवटे थोरल्या भावाकडे न्यू जर्सीला गेले. आईने ते कापसात गुंडाळून त्याच्या हातसामानात दिले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, थोरल्याकडे जायचेच होते. २०२५ मध्ये पूजन १ सप्टेंबरला, सोमवारी आलं. अमेरिकेत नेमकी लेबर डेची सुट्टी होती, सगळं तिथीवर पार पडलं. यंदा पूजन शुक्रवारी येतंय, तर भावाचा निरोप आला: शनिवारी आवाहन, रविवारी दुपारी पूजन आणि जेवणं, रविवारी रात्रीच विसर्जन. सगळ्यांना सोयीचं म्हणे.

गणपतीचे कार्यक्रम, दिवाळी मेळावा, कोजागिरी, हे खुशाल शनिवारी करा. शाळेचा हॉल भाड्याने त्याच दिवशी मिळतो, मला समजतं. पण महालक्ष्म्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. ते तीन दिवस काढून घेतले तर साड्या नेसवलेल्या दोन मूर्ती आणि पुरणपोळीची पंगत एवढंच उरतं. आपल्या लोकांनी जिथे सवलत द्यायची तिथे दिलीच आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करा, कुणी विचारत नाही. जिथे दिली नाही तिथे ओढून कशाला घ्यायची?

जाता जाता: गेल्या वर्षीचा फोटो मोठा करून पाहिला. मुखवटे ज्यांवर बसवतात त्या कोठ्यांच्या जागी स्टीलचे, पायाने उघडायचे कचऱ्याचे डबे होते. नवेकोरे, पण कचऱ्याचेच. त्यावर पैठणी. आईला अजून सांगितलेलं नाही.

एडिसनची_सून
भाऊजी, (तुमची वहिनी मी नाही, पण असू शकले असते) तो डबा आम्हीही वापरतो. उंची बरोबर येते, तळाशी जड असतो, आत दहा-दहा किलो तांदूळ भरले की हलत नाही. तुमच्या नागपूरच्या महाल बाजारातल्या कोठ्या तरी काय असतात? पत्र्याच्याच ना? धान्य भरलं की ती कोठी. इकडे विमानात कोठ्या कोण आणणार?

आता मुद्द्याचं. शुक्रवारी पूजन करायचं तर गुरुवारी आवाहन. म्हणजे बुधवारी रात्री साड्यांच्या निऱ्या घालून पिना लावत बसायचं. गुरुवारी रांगोळीची पावलं, शुक्रवारी सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील, पंचामृत, भजी, पुरणाचे दिवे. फुलोऱ्याच्या करंज्या आणि वेणी-फणी आदल्या आठवड्यात तळून ठेवायच्या. शनिवारी विसर्जन आणि भांडी. इथे पगारी रजा द्यायचा केंद्राचा कायदाच नाही, कंपनी देईल तेवढी. त्यातूनच आजारपण, मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या आणि डिसेंबरात नागपूरला यायचं. नागपुरात काकू, आत्या, शेजारच्या दोन वहिन्या पदर खोचून येतात. इथे मी आणि फूड प्रोसेसर. तिथीचा आग्रह धरणारे सगळे जेवायला बसणारे असतात, एवढं निरीक्षण नोंदवते.

प्रतापनगरकर
जेवायलाच बसत नाही हो मी. केवडा, कमळं, आघाडा, पत्री आणायला पहाटे बर्डीच्या बाजारात कोण जातं?

एडिसनची_सून
पहाटे बर्डी! मी पहाटे चणाडाळ शिजवते, भाऊजी.

सावजीप्रेमी
माझ्या मते दोघंही चुकता. नक्षत्राचा एवढा आग्रह असेल तर मग नागपूरच्या पंचांगावर न्यू जर्सीत पूजा करणंही चूकच. नक्षत्र संपायचा क्षण साऱ्या जगात एकच, फक्त घड्याळं वेगळी. सप्टेंबरात आपण त्यांच्या साडेनऊ तास पुढे. इथे ज्येष्ठा शुक्रवारी रात्री संपलं तर तिथे शुक्रवारची दुपार असते. भाऊ ऑफिसातून येऊन नैवेद्य दाखवेपर्यंत मूळ लागलेलं असू शकतं. मग काय, गुरुवारी दुपारी पूजन करा म्हणणार? पाळायचं तर तिथलं स्थानिक पंचांग पाहून पाळा. नागपूरच्या भिंतीवरचं कॅलेंडर व्हॉट्सअपवर पाठवून तिथी पाळली जात नाही.

प्रतापनगरकर
हे मान्य. मग त्यांनी गुरुवारी करावं. माझं भांडण शुक्रवारसाठी नाही, शनिवार-रविवारच्या सोयीशी आहे.

दोहावाला
कोणाचा शनिवार-रविवार, बाप्पा? आमच्याकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी. दुबईतही पूर्वी तसंच होतं. जानेवारी २०२२ पासून तिथल्या सरकारने शनिवार-रविवार केला, शुक्रवार अर्धा. माझ्या दुबईच्या मित्राकडची सत्यनारायणाची पूजा वर्षानुवर्षं शुक्रवारी व्हायची, ती सरकारी हुकमाने शनिवारी गेली. सत्यनारायण कधीही चालतो, ते सोडा. पण हेच महालक्ष्म्यांचं केलं तर अमेरिकेतल्या महालक्ष्म्या रविवारी, दोह्यातल्या शुक्रवारी, नागपुरातल्या नक्षत्रावर. एकाच घराण्याच्या तीन शाखा तीन दिवशी जेवून राहिल्या. मी प्रतापनगरकरांच्या बाजूने आहे. आम्ही इथे घराच्या चार भिंतींत करतो, मिरवणूक नाही, स्पीकर नाही, पण तिथीवर करतो. रात्री नऊला जेवतो, दुसऱ्या दिवशी पहाटे साइटवर जातो. भाज्या सोळा होत नाहीत. एकाच भाजीत सोळा घातल्या की झालं.

लक्ष्मीनगरची_काकू
सोळा भाज्यांची एकत्र भाजी करतातच आमच्याकडे. त्यात कमीपणा नाही.

प्रतापनगरकरांनी आईला डब्याचं सांगितलं नाही हे बरं केलं. पण त्यांनी आईला शनिवारबद्दल विचारलंय का? माझ्या अनुभवात सत्तरीच्या पुढच्या बायका या बाबतीत मुलांपेक्षा मोकळ्या असतात. सुतक आलं तर शेजारणीकडून करवून घेतलेल्या, सून बाळंत असताना नुसत्या मुखवट्यांना हळदीकुंकू वाहून भागवलेल्या. त्यांना माहीत असतं काय सुटलं तर चालतं. कडकपणा पुरुषांना सुचतो, कारण त्यांना तो फुकटात पडतो.

प्रतापनगरकर
काकू, विचारलं नाही. विचारलं तर ती "करू दे" म्हणेल. ती सगळ्यालाच "करू दे" म्हणते. म्हणूनच विचारलं नाही.

मेलबर्नचा_नंदी
तिथी, ऋतू, नक्षत्र यांचं दक्षिण गोलार्धात काय होतं ते सांगतो. जानेवारीत संक्रांत, म्हणजे दिवस तिळातिळाने मोठा व्हायला लागतो असं आजी सांगायची. इथे जानेवारीत दिवस लहान होत असतो आणि बाहेर चाळीस अंश. तिळगूळ हाताला चिकटतो. पोळा थंडीच्या शेवटी येतो. तिथीवर करा की रविवारी करा, ज्या कारणाने तो सण त्या दिवशी ठेवला ते कारण इथे नाहीच.

तरी तान्हा पोळा (लहान मुलांचा, लाकडी नंदीचा पोळा) आम्ही करतो, रविवारी. लेकीसाठी लाकडी नंदी नागपूरहून आणला. विमानतळावर लाकूड जाहीर करावं लागतं, साल किंवा कीड नाही ना ते पाहतात. अधिकाऱ्याने नंदीची चाकं फिरवून पाहिली, शिंगांना बांधलेली बेगड बोटाने खरवडली आणि सोडून दिलं. संत्रा बर्फी मात्र तिथेच गेली. दुधाचे पदार्थ ते आत येऊ देत नाहीत. मुलं पाच-सहा घरी नंदी ओढत जातात, घरोघरी बोजारा मिळतो, डॉलरची नाणी. सोमवारी शाळेत असताना कुणाच्या दारात जाणार होती? बोजारा द्यायला दार उघडणारं माणूस घरी हवं, म्हणून रविवार. शेजाऱ्याशिवाय तान्हा पोळा होत नाही.

आणि एक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळतात ती मारबत कुणीच नेली नाही परदेशी. काळी-पिवळी मारबत, चालू विषयांवर टोमणे लिहिलेले बडग्यांचे पुतळे, "ईडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडणारी गर्दी, हे इतवारीतल्या गल्ल्यांशिवाय होत नाही. इथे पुतळा करून जाळायला गेलो तर आधी अग्निशमन दल येईल. ज्या सणाला रस्ता लागतो तो मागे राहतो, ज्याला पाट पुरतो तो विमानात बसतो. महालक्ष्म्या आल्या याचंच मला कौतुक आहे. वार कशाला पाहता?

सावजीप्रेमी
बडग्यावर लिहायला तिकडे विषय कमी नसतील पण. व्हिसावरच एक मोठ्ठा बडगा होईल.

कामठीरोड
सगळी चर्चा ज्या घरांत महालक्ष्म्या बसतात त्यांचीच चाललीय, म्हणून आमचंही सांगतो. बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमी होती. पुढे तारीख आणि तिथी वेगळ्या झाल्या, आणि तेव्हापासून दोन्ही पाळल्या जातात. दीक्षाभूमीवर मोठी गर्दी अशोक विजयादशमीला. माझी बहीण मेरीलँडला आहे. तिथे अकोकीकला बाबासाहेबांचा पुतळा उभारला, त्याचं अनावरण १४ ऑक्टोबर २०२३ ला झालं, तो शनिवार होता, म्हणून लांबलांबून लोक येऊ शकले. तारीख कामाच्या दिवशी आली की ते लोक जवळच्या रविवारी जमतात. तारखेच्या दिवशी घरी बुद्धवंदना, रविवारी सगळे एकत्र. याने कुणाची निष्ठा पातळ झालेली मी पाहिली नाही.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर दीक्षाभूमीचा कार्यक्रम रविवारी घ्या असं नागपुरात कुणी म्हटलं तर मीच पहिला भांडायला येईन. खेड्यापाड्यातली माणसं रेल्वेत उभी राहून येतात त्या दिवसासाठी. त्यामुळे प्रतापनगरकरांचा राग मला पूर्ण परका नाही.

एडिसनची_सून
हे आवडलं. घरी छोटं, रविवारी मोठं.

रिंगरोड_रिटर्न
अकरा वर्षं फिलाडेल्फियात काढून परत आलोय, तर थोडं कडू बोलतो. आपले लोक रजा मागतच नाहीत. माझ्या ऑफिसातले ज्यू सहकारी योम किप्पूरला (त्यांच्या उपवासाच्या मोठ्या दिवशी) सरळ सुट्टी टाकायचे. तोही चांद्र पंचांगाचाच दिवस, दरवर्षी तारीख बदलते. त्यांनी कधी "या वर्षी शनिवारी करून घेऊ" म्हटलं नाही. न्यूयॉर्कच्या शाळा त्या दिवशी बंद असतात, कारण त्यांनी आपला दिवस सोडला नाही. आपण मात्र मीटिंग हलवायच्या ऐवजी देव हलवतो. दिवाळीचंच बघा: लोकांनी रेटा लावला तेव्हा न्यूयॉर्कच्या शाळांना सुट्टी मिळाली, पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये कायदा केला, मागोमाग कॅलिफोर्नियाने. शनिवारी साजरी करत बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं.

एडिसनची_सून
रेटा लावायला पायाखाली जमीन लागते. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेला माणूस, ग्रीन कार्डच्या रांगेत, एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाही हा नियम, म्हणजे भारतीयांची रांग संपतच नाही. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर सामान बांधा. तो मॅनेजरला जाऊन ज्येष्ठा नक्षत्र समजावून सांगणार? तुमचे ज्यू सहकारी नागरिक होते. पुढची पिढी मागेल रजा. तोवर तिच्या आठवणीत महालक्ष्म्या असल्या पाहिजेत, आणि रविवारी केल्या तरच माझी मुलं त्या दिवशी घरात असतात.

रिंगरोड_रिटर्न
रजा मागायला नागरिकत्व लागत नाही. भीती बाळगायची सवय लागली की लागते.

एडिसनची_सून
परत आलात ना तुम्ही? मग सोपं आहे बोलणं.

लक्ष्मीनगरची_काकू
भांडू नका रे. दोघांचंही बरोबर असू शकतं.

दोहावाला
काकू, दोघांचं बरोबर म्हटलं की धागा बंद पडतो. भांडू द्या.

मेलबर्नचा_नंदी
मुलांच्या आठवणीचा मुद्दा खरा आहे. पण माझी लेक परवा विचारून राहिली होती, "आजीकडे पोळा बुधवारी कसा? आपला तर रविवारी असतो." तिच्या लेखी आजी चुकीच्या दिवशी पोळा करते. तेव्हा हसलो, पण प्रतापनगरकर याच गोष्टीला घाबरतात असं दिसतं.

प्रतापनगरकर
अगदी हेच. डब्याचं सोडा, तो नजरेआड करता येतो. पण पुढच्या पिढीने महालक्ष्म्या म्हणजे सप्टेंबरातला दुसरा रविवार असं समजू नये.

सगळं वाचून भावाला असं सांगणार आहे: तिथलं पंचांग पाहा, नक्षत्र लागेल त्या दिवशी घरातल्या घरात पूजन करा. वरण-भात, पुरण, आंबील, एक भाजी. सोळा पदरांचा दोरा हळदीत भिजवून गाठी मारून ठेवा. रविवारी मित्रमंडळींना काय घालायचं ते घाला, त्याला महालक्ष्म्यांचं जेवण म्हणा, पूजन म्हणू नका.

एडिसनची_सून
म्हणजे दोनदा पुरण. कोण घालणार?

प्रतापनगरकर
भाऊ घालेल.

लक्ष्मीनगरची_काकू
येतं त्याला?

प्रतापनगरकर
शिकेल. युट्यूबवर सगळं आहे.

एडिसनची_सून
नक्षत्र लागायच्या आत शिकेल का, तेवढं त्याला विचारून इथे कळवा. माझ्या नवऱ्यालाही त्याच वर्गात बसवते.