रिमोट किल्लीतील सेल बदलल्यास गाडीशी असलेली जुळणी जाते का?

प्रश्न

नमस्कार. माझी गाडी बटण दाबून सुरू होणारी आहे. अलीकडे दार उघडण्यासाठी किल्ली घेऊन अगदी गाडीला खेटून उभे राहावे लागते आणि किल्लीतील सेल कमजोर झाल्याची सूचनाही डॅशबोर्डवर दिसू लागली आहे. सेल घरीच बदलण्याचा विचार आहे. परंतु तो काढताच किल्लीची गाडीशी असलेली जुळणी पुसली जाते, असे एका परिचितांनी सांगितल्यामुळे थांबलो आहे. हे खरे आहे का? शिवाय सेल मध्येच पूर्ण संपला, तर गाडी उघडायची आणि सुरू करायची कशी?

प्रतिसाद १

बहुतेक गाड्यांच्या बाबतीत ही भीती निराधार आहे. किल्लीची ओळख ज्या स्मृतीत साठवलेली असते, ती वीज तुटली तरी टिकून राहते. काही मोजक्या किल्ल्यांना सेल बदलल्यावर पुन्हा जुळवून घ्यावे लागते, म्हणून गाडीच्या माहितीपुस्तिकेतील संबंधित पान आधी वाचावे.

खरी चूक होते ती सेलच्या निवडीत. सीआर २०३२ या क्रमांकातील २० म्हणजे मिलिमीटरमधील व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ चा व्यास तेवढाच आणि दाबही तोच, ३ व्होल्ट. पण जाडी २.५ मिलिमीटर असल्यामुळे तो ढिला बसतो आणि किल्ली कधी चालते, कधी चालत नाही. जुन्या सेलवर कोरलेला क्रमांक पाहूनच नवा घ्यावा. एलआयआर २०३२ हा दिसायला तसाच असला, तरी तो पुन्हा चार्ज होणारा सेल आहे आणि पूर्ण भरल्यावर त्याचा दाब ४.२ व्होल्टपर्यंत जातो, तेव्हा तो घालू नये.

आधी किल्लीतील धातूचे पाते बाहेर काढावे. कवच उघडण्याची खाच बहुधा त्याच पोकळीत असते. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळून ते खाचेत घालावे आणि सावकाश पिळावे. जुना सेल उचलण्यापूर्वी धन खुणेची बाजू वर होती की खाली, याचा फोटो काढून ठेवावा. नवा सेल कडेने धरावा. धातूच्या चिमट्याने धरल्यास दोन्ही बाजू जोडल्या जाऊन तो शॉर्ट होतो.

प्रतिसाद २

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. किल्लीतील पाते दाराच्या कुलपासाठीच दिलेले असते. कुलपाचे छिद्र दिसत नसेल, तर अनेक गाड्यांत ते दाराच्या हँडलवरील छोट्या झाकणाखाली असते. अशा प्रकारे दार उघडल्यावर अलार्म वाजू शकतो, त्याने गोंधळून जाऊ नये. त्यानंतर ब्रेक दाबून किल्ली स्टार्ट बटणाला टेकवावी. काही गाड्यांत त्यासाठी वेगळी जागा दिलेली असते. गाडी जिच्यावरून किल्ली ओळखते, ती किल्लीतील चिप सेलवर अवलंबून नसते. गाडीतील वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला पुरेशी वीज मिळते, फक्त हे अंतर काही सेंटिमीटरचेच असते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. योग्य क्रमांकाचा सेल बसवला, जुळणी शाबूत आहे. पण बटण एकदा लागू होते, एकदा होत नाही.

प्रतिसाद १

सेल पुन्हा काढून आतील पितळी पट्ट्या पाहाव्यात. जुन्या सेलखाली त्या दबून सपाट झालेल्या असतील, तर नखाने किंचित वर उचलाव्यात आणि पट्ट्या व सेल कोरड्या सुती कापडाने पुसावेत. कवच बंद करताना कडेची रबरी पट्टी तिच्या खोबणीत बसली आहे ना, हेही पाहावे, अन्यथा आत ओल शिरते.

प्रतिसाद ३

घरात लहान मूल असेल, तर जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना आजच चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि ई-कचऱ्यातच द्यावा. रिमोटला न पुरणारा सेलही घशात अडकला, तर तेथील ओलाव्यातून विजेचा प्रवाह वाहू लागतो, त्यातून तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजू शकते. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवू नये. लक्षणांची वाट न पाहता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.