कपाशीच्या हंगामात गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद ठेवून वावरात भेटावं का?

धुरेकरी:
शेतीच्या ग्रुपवर कपाशीच्या पानाचा फोटो पडतो, खाली पाच जण पाच औषधं सांगतात आणि संध्याकाळी पंप पाठीवर चढतो. माझं मत, जुलै ते डिसेंबर ग्रुप बंद ठेवा. आठवड्यातून एकदा दहा-बारा कास्तकारांनी जमायचं, दर वेळी वेगळ्या वावरात, सकाळी. गुलाबी बोंडअळी फोटोत सापडत नाही. अळी आत शिरली की छिद्र बुजतं, वरून बोंड हिरवंगार. एकरी 20 हिरवी बोंडं फोडायची. दोनांत अळी निघाली तर फवारणी. पान लाल पडलं तर उलटून पाहायचं. तुडतुडे तिरपे पळाले तर लाली त्यांची, नाहीतर मॅग्नेशियम, नत्र, साचलेलं पाणी किंवा थंडी. फोटोत हे सगळं नुसतं ‘लाल्या’.

सापळेवाला:
बंद कशाला? सहायक कृषी अधिकाऱ्याकडे एकच गाव नसतं, तो दर आठवड्याला कुठून येणार? कामगंध सापळे (मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग ओढणारे) हेक्टरी 5, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. सलग 3 रात्री सापळ्यामागे रोज 8 पतंग आले की धोका. हा आकडा त्याच दिवशी सगळ्यांना कळला पाहिजे, कारण एकाने फवारलं आणि शेजाऱ्याने नाही, तर पतंग धुरा (बांध) ओलांडून परत येतात. गट नंबर, पेरणीची तारीख, पतंग, एवढंच टाका. औषधाचं नाव टाकलं की मेसेज काढा.

धुरेकरी:
आकडा खरा असेल तर ना. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, तीन-चार आठवड्यांनी बदलावा लागतो. जुना राहिला की पतंग शून्य, ग्रुपवर अंगठे आणि आत बोंड पोखरलेलं. काही जण सापळ्याची पिशवी रिकामीच करत नाहीत, मग कालचे पतंग आजच्यात मोजले जातात. सापळ्याजवळ गेल्याशिवाय यातलं काही कळत नाही.

वेचणीवाली:
दोघंबी बायाइले इसरले. कापूस वेचते कोन? कवडी, म्हंजे अळीनं नासलेला कापूस, पयले तिच्याच हातात येते. फोन घरधन्याच्या खिशात, म्हनून थे ग्रुपवर नाही. तुमची सभा सकाळी, तवा ते चुलीपाशी, म्हनून तिथंबी नाही. अन् पारावर कोन बसते, कोन खाली उभं रायते, हे सांगाले पायजे का? दुपारी शिदोरीच्या टायमाले वावरातच बसा अन् कवडी कोनत्या तासात (ओळीत) जास्त निघाली थे बायाइले इचारा.

निळा त्रिकोण:
दुपारची वेळ मान्य, पण फवारणी त्या वेळी दाखवू नका, ती सकाळीच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. ‘दोन औषधं मिसळून मारा’ असा आवाजी मेसेज आला की ऐकणारा डब्यावरचा विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण पाहत नाही. लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. वारा पाठीमागून ठेवणं, नोझल तोंडाने न फुंकणं, हे समोर उभं राहूनच शिकवता येतं. मात्र कोणी गरगरला तर सभा नको. फोन करा, गाडी बोलवा, औषधाचा डबा सोबत दवाखान्यात न्या. म्हणून ग्रुप बंद करायच्या मी विरोधात.

सापळेवाला:
हेच म्हणतोय.

धुरेकरी:
मग फरदडीचं, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवण्याचं, सांगा. डिसेंबरनंतर पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी राहिली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत खाणं मिळतं. ‘पऱ्हाटी उपटा’ हा मेसेज दर साली फिरतो, कोण उपटतो? चार जण न उपटणाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसले, पऱ्हाटी बारीक करणारा श्रेडर कोणत्या दिवशी येणार ते ठरवलं, तर तो ऐकतो.

सापळेवाला:
भाव चढा असला की ओसरीवरही नाही ऐकत. ‘अजून दोन वेचे निघतात’ म्हणतो, आणि ते खरं असतं. चहा पाजून पाठवेल तुम्हाला. त्या दोन वेच्यांचे पैसे कोण देणार, ते आधी ठरवा.