वाटी कुणाची धरायची?

३०४ वहिनी: मंडळी, नैवेद्याचे २१ मोदक आणि वर वाटायचे, सगळे यंदा माझ्याकडे. रेसिपी ग्रॅममध्ये आहे. ५०० ग्रॅम तांदळाची पिठी म्हणजे किती वाट्या? आमचा वजनकाटा खाऱ्या हवेनं गेला. सेल बदलले तरी आकडा नाचतोच आहे.

२०२: ४

१०१ काकू: माझ्या वाटीनं ५. चाळलेली असेल तर ६.

३०४ वहिनी: 😅 आता?

४०३ दादा: १ कप = २४० मिली. पिठी कपाला साधारण १५५ ग्रॅम. म्हणजे सव्वातीन कप.

२०२: कप कुठला पण? आमच्या चहाच्या कपात १२० मिली जेमतेम मावतं.

१०२ आजोबा: वाटी शिगेची की सपाट, ते विचारा आधी. निम्मी भांडणं तिथंच मिटतील.

२०२: माझी शीग लावून 🙈 आणि गेल्या वर्षीचं सांगते. ५०० ग्रॅम पिठी, ५०० मिली पाणी घेतलं, सम-सम म्हणून. उकड इतकी कोरडी झाली की कळ्या पाडतानाच पारी फुटत होती. शेवटी त्याच्या निवगऱ्या केल्या.

१०१ काकू: अगो, तेच सांगत्ये. सम-सम हे वाटीचं गणित, काट्याचं नव्हे. १०० मिली पाणी म्हणजे १०० ग्रॅम, पण ते पाण्यापुरतंच. दादाच्या त्या कपात साखर २०० ग्रॅम बसते, मैदा सव्वाशेच्या आसपास. तेलाची १ लिटरची पिशवी उलटी करून बघ, वजन ९१० ग्रॅम छापलेलं असतं. अर्धा किलो पिठीला पाणी पाऊण लिटर तरी लागतं. नव्या तांदळाची असेल तर हात जरा आखडता घे.

काटा नसला तर नसो. पिठीचं अर्ध्या किलोचं बंद पाकीट फोड, आपल्या वाटीनं सपाट मोजत डब्यात ओत. चाळायचं नंतर. जितक्या वाट्या भरतील तितकंच पाणी, त्याच वाटीनं. आकडा चिकटपट्टीवर लिहून झाकणाला लाव. माझ्या डब्यांवर आहेतच: पिठी ५, साखर ४. मिठाच्या बरणीवर मात्र काही लिहिलेलं नाही. खड्याचं मीठ नि बारीक मीठ, चमचा तोच पण खारटपणा वेगळा.

३०४ वहिनी: आणि सारण? ४०० ग्रॅम खोबरं लिहिलंय.

१०१ काकू: खोवलेल्या खोबऱ्याचा चव दर २ वाट्यांना चिरलेला गूळ १ वाटी. तिथं ग्रॅम विसर.

१०२ आजोबा: आमच्याकडे सगळं मापानंच चालायचं. २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी १ शेर, ४ शेर १ पायली. भाताची पायली नि तांदळाची पायली मापाला एकच, पण उचलायला गेलं की हाताला फरक कळायचा. मोजताना पहिल्याला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन…

४०३ दादा: आजोबा, पायलीचे लिटर किती?

१०२ आजोबा: तू मोदक खायला ये.

३०४ वहिनी: फोडलं पाकीट. सपाट साडेचार. माझी वाटी काकूंच्या वाटीपेक्षा मोठी निघाली!

१०१ काकू: मग पाणीही साडेचारच. आणि ती वाटी शनिवारपर्यंत कुणाला देऊ नको.

१०२ आजोबा: पहिली वाटी ‘लाभ’ म्हणून घातलीत ना?

३०४ वहिनी: नाही हो, ‘एक’ म्हटलं…

१०२ आजोबा: परत मोजा.