मदत हवी आहे: कासवांच्या किनाऱ्यावरचे दिवे आणि गाड्या कशा थांबवायच्या?

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरचे. वाडीतली दहा-बारा माणसं रोज पहाटे किनाऱ्यावर जातो, दिसेल तो कचरा गोणीत भरतो. सध्या सगळ्यांचा जीव ऑलिव्ह रिडले कासवांच्या पिल्लांत अडकलाय. अंडी उबायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात, त्यामुळे उशिराच्या घरट्यांतली पिल्लं नेमकी चाकरमानी आणि पर्यटकांच्या गर्दीतच बाहेर पडतायत.

मोठी अडचण उजेडाची. पिल्लं वाळूतून वर आली की जिकडे जास्त उजळ तिकडे धावतात. एरवी ती बाजू समुद्राची असते. आता सुरुबनामागच्या एका लॉजचे झगझगीत दिवे रात्रभर चालू! परवा पहाटे तीन पिल्लं सुरूच्या मुळांत अडकलेली सापडली, मुंग्या लागलेली. दोन वाचली. तिसरं हातातच गेलं. शिवाय जीपगाड्या आहेतच. चाकोरीत पडलेल्या पिल्लाला वर चढता येत नाही.

लॉजवाल्यांना दोनदा भेटलो. गोड बोलतात, दिवे तसेच. भांडायचं नाहीये, लहान गाव, रोज एकमेकांचं तोंड बघायचं.

कासवांची घरटी जपणाऱ्या वेळास, आंजर्ले गावांकडचं कुणी आहे का इथे? तुम्ही सुरुवातीला लोकांना कसं पटवलंत? खाली तोंड केलेले, लालसर दिवे कुणी लावून बघितलेत का? गाड्यांच्या वाटेवर ओंडके आडवे टाकावेत की आधी नगरपंचायतीत आणि वनखात्यात अर्ज द्यावा? अर्जाचा मसुदा असेल तर कृपया लगेच पाठवा, मृगाला थोडेच दिवस उरलेत.