रविवारी तीन-चारशे फोटो काढूनही हात सुधारत नाही. कोणत्या सवयी लावाव्यात?

गोदाकाठ:
क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा आणि सोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स. सहा महिने झाले. दर रविवारी घाटावर किंवा बाजारात तीन-चारशे फोटो निघतात. त्यातले चार-पाच बरे असतात, पण ते बरे का आले हे कळत नाही, म्हणून पुन्हा तसे काढता येत नाहीत. घरातले फोटो हललेले येतात, पांढरे कपडे मळकट दिसतात आणि माणसाऐवजी मागची भिंत फोकसमध्ये असते. नवी लेन्स इतक्यात घ्यायची नाही. रोज अर्धा तास काढता येईल. तो कशात घालवावा?

छायाप्रकाश:
काढण्यातला वेळ कमी करा आणि पाहण्यातला वाढवा. रविवारी ३६ फोटोंची मर्यादा घाला, फिल्मच्या मोठ्या रोलमध्ये तेवढेच असत. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून एकही फोटो पुसू नका. त्या दिवशी फक्त संगणकावर उतरवा आणि निवड दुसऱ्या दिवशी करा, कारण काढतानाचा उत्साह ओसरल्याशिवाय नजर तटस्थ होत नाही.

मग प्रत्येक बिघडलेला फोटो १०० टक्के मोठा करून पाहा आणि वहीत एकाच ओळीत कारण लिहा. सोबत शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि फोकल लेंग्थ हे चार आकडे. फोटोच्या फाइलमध्ये ते असतातच. शटर म्हणजे प्रकाश किती वेळ आत येतो, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं आहे, आयएसओ म्हणजे प्रकाशाला दिलेली संवेदनशीलता आणि फोकल लेंग्थ म्हणजे लेन्सवरचा १८ ते ५५ मधला आकडा.

‘धूसर आला’ एवढं लिहून काही हाती लागत नाही, कारण धूसरपणाची कारणं वेगवेगळी आणि उपायही वेगळे:

- सगळी चौकट एकाच दिशेने फरफटलेली, दिव्यांचे ठिपके रेघांसारखे: हात हलला. क्रॉप सेन्सर आहे म्हणून फोकल लेंग्थला दीडने गुणा, एक भागिले तो आकडा (सेकंदांत) हा हाताने धरण्याचा किमान शटरचा वेग. ५५ ला साधारण १/१००, १८ ला १/३०.
- मागचं कपाट स्वच्छ, माणूस पुसलेला: माणूस हलला. इथे लेन्समधलं स्टॅबिलायझेशन काही करू शकत नाही, ते फक्त तुमच्या हाताची थरथर सावरतं. गप्पा मारणाऱ्या माणसाला १/१२५, पळणाऱ्या मुलाला १/५०० तरी हवा.
- माणूस मऊ, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी धारदार: फोकस चुकला. सगळ्या चौकटीतून फोकस निवडायचं काम कॅमेऱ्यावर सोडलं की तो जवळची वस्तू किंवा भिंतीवरची ठळक रेघ पकडतो. डोळे ओळखणारा फोकस असेल तर चालू करा, नसेल तर एकच बिंदू ठेवा आणि तो जवळच्या डोळ्यावर न्या.
- कुठेच धार नाही आणि फरफटही नाही: बहुधा फार जवळ गेलात किंवा काचेवर बोटाचा ठसा आहे. किट लेन्सला साधारण पाऊण ते एक फूट अंतर लागतंच.

चार रविवारांनी वही चाळा. एकच कारण पुन्हा पुन्हा दिसेल. पुढचा महिना फक्त त्याच्यावर काम करा.

सह्यवाट:
वहीची कल्पना पटली. माझं मत मात्र असं की पहिल्या दिवसापासून कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर टाकावा. शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ ही तिन्ही चाकं स्वतः फिरवल्याशिवाय प्रकाश समजत नाही. उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ ठेवा, शटर आयएसओएवढा, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००. तिथून सावलीत आल्यावर किती स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) उघडावं लागतं ते मोजत जा.

छायाप्रकाश:
स्थिर वस्तूवर सराव म्हणून हे उत्तमच, आठवड्यातून एक दिवस जरूर करावं. पण बाजारात उन्हातून ताडपत्रीखाली शिरलं की प्रकाश तीन-चार स्टॉपने पडतो. नवशिका चाकं फिरवेपर्यंत समोरचा माणूस निघून जातो. बाहेर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), ऑटो आयएसओ, त्याची कमाल ६४०० आणि किमान शटर १/१२५ असं बांधून ठेवा. आयएसओ वाढल्याने फोटोत येणाऱ्या दाण्यांना घाबरू नका. आयएसओ ३२०० चा दाणेदार फोटो छापता येतो, हललेल्याचं काही होत नाही.

घरात ट्यूबलाइट असेल तर १/१०० वर या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. १/२५० किंवा १/५०० ला कधी पिवळट, कधी काळपट फोटो येतात. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटरवर तर आडवे पट्टेही पडतात. स्वस्त एलईडी दिव्यांचंही तेच. १/१०० तुमच्या हातालाही पुरतो आणि ट्यूबलाही, फक्त समोरच्याला क्षणभर स्थिर राहायला सांगा.

खिडकीपाशी:
मळकट कपड्यांचं राहिलं. त्यासाठी एका संध्याकाळचा प्रयोग पुरे. पांढरा टॉवेल, काळी छत्री आणि करडी फरशी अशा तीन वस्तू एकाच प्रकाशात ठेवा. एकेक वस्तू पूर्ण चौकट भरेल इतक्या जवळून टिपा. साध्या कापडावर ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून फोकस मॅन्युअल करा. फोटो धूसर आला तरी इथे बिघडत नाही. तिन्ही फोटो जवळपास सारखेच करडे येतील. कॅमेऱ्याच्या मीटरला वस्तू पांढरी आहे की काळी हे ठाऊक नसतं, समोर येईल ते तो मध्यम करड्यावर आणतो. आता टॉवेलला एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड वाढवायची-घटवायची सोय) +१.३ द्या, छत्रीला -१.३. फरक डोळ्यांनी पाहिला की चौकटीत पांढरं किती आहे याकडे आपोआप लक्ष जातं. काम झालं की चाक शून्यावर आणायचं. हे विसरलं तर पुढचे सगळे फोटो फटफटीत किंवा काळपट येतात.

उरलेले दिवस एकच वस्तू आणि एकच खिडकी. स्टीलचा तांब्या नको, त्यात खोलीभर प्रतिबिंबं दिसतात. नारळ किंवा अंडं घ्या. ते खिडकीपासून दोन फुटांवर ठेवा, स्वतः भोवती फिरा आणि दर ४५ अंशांवर एक फोटो काढा. खिडकी आपल्या पाठीशी असताना अंडं चपटं दिसतं, बाजूला आली की गोल होतं, समोर आली की नुसती कड उजळते. मग वस्तू आठ फुटांवर न्या आणि सावलीची कड कशी बदलते ते पाहा. हे कळलं की माणसाला कुठे बसवायचं ते सांगावं लागत नाही. माझ्या मते सगळ्या सवयींत ही सर्वात मोलाची, आणि नवशिके हीच टाळतात.

बाहेरही वेळेआधी प्रकाशाची दिशा बघा. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, सकाळी पोचलात तर दर्शनी कोरीवकाम सावलीत असतं. दुपार उतरल्यावर ऊन तिरकं पडतं आणि शिल्पांना उठाव येतो.

गोदाकाठ:
टॉवेल-छत्रीचा प्रयोग केला, अगदी तसंच झालं. आता अडचण पुढची. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघेल तेव्हा फोटो काढायचे आहेत. पांढरे सदरे, टोप्या, त्याखाली सावळे चेहरे आणि वर ऊन. +१.३ दिलं तर सदरे जळतात (नुसते पांढरेफटक होतात), शून्यावर चेहरे काळे पडतात.

खिडकीपाशी:
टॉवेलने पूर्ण चौकट भरली होती, म्हणून +१.३ लागलं. पालखीच्या चौकटीत रस्ता, झाडं, काळे केस आहेत, तिथे तो आकडा जसाच्या तसा लावू नका. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) चालू ठेवा आणि कॅमेऱ्यात जळालेले भाग लुकलुकण्याची सोय चालू करा. पहिल्या दोन-तीन चौकटींत सदऱ्यांचा मोठा भाग लुकलुकला तर एक तृतीयांश स्टॉपने उतरत जा, लुकलुक फक्त दुमडीच्या कडांवर उरेपर्यंत. तिथे थांबा. काळवंडलेला चेहरा रॉमधून स्टॉप-दीड स्टॉप उजळून मिळतो, पूर्ण जळालेल्या कापडाची वीण परत येत नाही.

दहानंतरच्या उभ्या उन्हात टोपीची सावली डोळ्यांवर पडते. त्या वेळी ढगाखाली, झाडाखाली किंवा मांडवाच्या कडेला थांबा आणि दिंडी तिथे येऊ द्या. सावलीत सदरा आणि चेहरा यांतल्या उजेडाचं अंतर पुष्कळ कमी होतं.

सह्यवाट:
यात एक भर. तिथे चेहऱ्याजवळ जाऊन १८ ला काढू नका, जवळ गेल्याने नाक मोठं दिसतं. ५५ ला पाच-सहा फुटांवरून काढा. दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवा. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब किंवा अर्धी कापलेली पताका अर्ध्या पावलाने सरकलं की निघून जाते. कोपरं बरगड्यांना टेकवा, डावा तळवा लेन्सखाली आणि तीनच फोटोंची सलग मालिका. बटण दाबताना आणि सोडताना हात हलतो, म्हणून मधला फोटो बहुतेक वेळा जास्त धारदार निघतो.