प्रतिसाद: यिर्मया 29:11 एकटं वाचू नका

बायबलमधलं यिर्मया 29:11, म्हणजे देव ‘भविष्य आणि आशा’ देण्याचं वचन देतो ते, रोज वाचूनही मन थाऱ्यावर येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्याच्या आधीचं 10वं वचन बघा ना. हे यिर्मया संदेष्ट्याचं पत्र बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात असलेल्या लोकांना आहे आणि त्यात 70 वर्षांचा हिशेब आहे. त्याआधी, 28व्या अध्यायात, हनन्या या खोट्या संदेष्ट्याने 2 वर्षांत सुटका होईल असं सांगितलं होतं. लोकांना तेच गोड वाटलं. आपणही 11वं वचन हनन्यासारखं वाचतो, म्हणून महिन्याभरात खचतो. 5व्या वचनात देव घरं बांधा, बागा लावा म्हणतो. त्याचं विश्वासूपण त्या लांब मुदतीतच दिसतं.

विलापगीत 3 सुद्धा देवाच्या दयेबद्दलच्या 22व्या वचनापासून नको, पहिल्यापासून मोठ्याने वाचा. 18व्या वचनात आशा संपते, 21व्यात परत येते, आणि मधे परिस्थिती काडीची बदललेली नसते! बदलतं ते फक्त काय आठवायचं हे.

आणखी एक. ‘आशा’ यासाठीचा हिब्रू शब्द ‘तिक्वा’. यहोशवा 2:18 मध्ये, इस्राएली हेरांना लपवणाऱ्या यरीहोच्या राहाबेने खिडकीला बांधायच्या किरमिजी दोरीसाठी हाच शब्द आहे. आता इब्री 6:19 घ्या, तिथे आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. हर्णै बंदरात नांगरलेली होडी पाहिली तर नांगर दिसत नाही, दिसतो तो ताणलेला दोर. या वचनातही नांगर मंदिराच्या पडद्याच्या आत, देवाजवळ आहे. होडी हलणारच. दोर ताणला जातोय, म्हणजे नांगर धरून आहे.